वरच्या रँकचा टँक विकत घ्यावा का?

प्रश्न: 'वॉर थंडर' या ऑनलाइन युद्धखेळात मी जर्मन रणगाड्यांच्या चौथ्या रँकवर आहे. पुढचं संशोधन, म्हणजे गुण साठवून नवे टँक खुले करणं, फारच हळू सरकतं. सातव्या रँकचा प्रीमियम (खऱ्या पैशांनी मिळणारा) टँक घेऊन एकदम वर जाऊ का?

उत्तर: नको. पैसे असले तरी आत्ता नको.

प्रीमियम टँकची जाहिरात खोटं बोलत नाही. त्याच्यावर संशोधनाचे गुण आणि सिल्व्हर लायन्स (खेळातलं चलन) दोन्ही जास्त मिळतात. पण मिळण्याआधी तिथे टिकावं लागतं. त्या पातळीवर समोरच्याकडे थर्मल दृष्टी (उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी) आणि अंतर मोजणारे लेझर रेंजफाइंडर असतात, डोक्यावर हेलिकॉप्टर. शिवाय मॅचमेकिंग तुम्हाला 1.0 बॅटल रेटिंग (टँकची ताकद सांगणारा आकडा) वरच्या लढाईत टाकू शकतं. 10.7 चा टँक घेतलात तर समोर 11.7 चे टँकही येऊ शकतात. चौथ्या रँकवर नजरेच्या अंदाजाने अंतर मोजायला शिकलेल्या माणसाला हे सगळं एका रात्रीत जमत नाही.

आणि लाइनअपचं, म्हणजे एका लढाईत आळीपाळीने उतरवायच्या टँकच्या ताफ्याचं काय? वरच्या रँकवर तुमच्याकडे तो एकच टँक. रिअ‍ॅलिस्टिक प्रकारच्या लढाईत तो उडाला की तुम्ही लढाई सोडणार, उरलेली टीम तुमच्या नावाने बोटं मोडणार. (मीही मोडतो.)

ग्राइंड (पुढच्या टँकसाठी पुन्हा पुन्हा खेळत राहणं) इतका लांब का, हेही ध्यानात घ्या. तो आखडला तर प्रीमियम कोण घेईल? मे 2023 मध्ये खेळाडूंनी स्टीम या खेळविक्रीच्या साइटवर नकारात्मक अभिप्रायांचा भडिमार केला, तेव्हा खेळ बनवणाऱ्या गायजिन कंपनीने ठरवलेले बदल मागे घेतले आणि खेळातली अर्थव्यवस्था सुधारण्याचं वेळापत्रक जाहीर केलं. ही लांबी कोणीतरी बसून ठरवलेली असते.

खर्च करायचाच असेल तर सवलतीच्या काळात प्रीमियम अकाउंट घ्या. आज जे टँक खेळता त्यांच्यावरच कमाई वाढते, रोजचा खेळ बदलत नाही. चौथ्या-पाचव्या रँकवर मजा येत नसेल, तर मात्र तेही घेऊ नका. वर गेल्यावर ती आपोआप येत नाही.

प्रश्न: 'वर्ल्ड ऑफ टँक्स'मध्ये पूर्ण सुधारलेल्या टँकवर बरेच गुण पडून आहेत. सोनं (खेळातलं विकतचं चलन) देऊन ते दुसऱ्या टँकसाठी मोकळे करू का?

उत्तर: या खेळांमधला हा सगळ्यात चलाख व्यवहार. गुण तुम्हीच कमावलेले, ते हलवायचे पैसे वेगळे. नेहमीचा भाव 1 सोन्याला 25 गुण, म्हणजे 2,00,000 गुण मोकळे करायला 8,000 सोनं. एवढ्या सोन्यात चांगला प्रीमियम टँक येऊ शकतो आणि तो पुढेही क्रेडिट्स, म्हणजे खेळातले साधे पैसे, कमवत राहतो. अपवाद एकच: नवा टँक मिळाला आहे, पण त्याची चांगली तोफ अजून संशोधनात आहे आणि जुन्या तोफेने समोरच्याचं चिलखत भेदत नाही. तेवढ्यापुरते गुण वळवा. आधी साठलेला फ्री एक्सपीरियन्स (कुठल्याही टँकवर चालणारे गुण) वापरून पाहा, तो फुकट आहे.