गोळी चालू ठेवा, चहा मोजा

प्रश्न : धाकटा भाऊ 24 वर्षांचा. स्किझोफ्रेनियासाठी पाच महिने झाले, रात्री ओलान्झापिन चालू आहे. कानात आवाज यायचे ते थांबले, शेतात येऊ लागला. पण वजन 58 वरून 71 किलो झालं. रात्री उठून डबे धुंडाळतो, शिळी भाकरी खातो. आई म्हणते, गोळीनं अंग सुजलंय, बंद करू. गावातले म्हणतात, तब्येत चांगली धरली! काय करावं?
— एक भाऊ, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आईंना सांगा, ही सूज नाही, चरबी आहे. आणि पोरगं खादाडही झालेलं नाही. ओलान्झापिन मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही मार्ग अडवतं, त्यामुळे भूक खवळते आणि पोट भरल्याचं कळत नाही. म्हणून ताटावर बसल्यावर ‘किती खातोस रे’ म्हणणं आजपासून बंद. बोलणी खाणारा पोरगा आधी लपून खातो, मग गोळी चूळ भरताना थुंकतो. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटते. गोळी अचानक सुटली की आजार उलटण्याचा धोका मोठा. गावकऱ्यांशी मात्र वाद घालू नका, त्यांच्या लेखी ते कौतुकच आहे.

भाकरीला दोष देऊ नका. चहा मोजा. घरचा, शेतातला, हॉटेलातला मिळून सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर दिवसाला साठेक ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. या गोळीनं तोंडही कोरडं पडतं, मग पोरं थंड पेयांच्या बाटल्या रिचवतात. त्याला माठातलं पाणी द्या, बिनसाखरेचं ताक द्या. रात्री उठणारच आहे, तर फरसाणाचा डबा घरातून काढा आणि त्या जागी फुटाणे, काकडी ठेवा. चालायला पहाटेच न्या, तुम्हीही सोबत चला. या औषधांवर असणाऱ्यांना ऊन लवकर बाधतं, आणि आपल्याकडचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

आता डॉक्टरांकडे. पाच महिन्यांत 13 किलो ही ‘बघू पुढच्या खेपेला’ म्हणण्यासारखी वाढ नाही. उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), रक्तदाब तपासून घ्या. कमरेचा घेर मोजा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या वर नको. मेटफॉर्मिनबद्दल स्वतःहून विचारा. ती मधुमेहाची गोळी खरी, पण या वजनवाढीवरही देतात. आधी किडनीची तपासणी करतात. मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्यायची, नाहीतर पोट बिघडतं. ओलान्झापिनऐवजी एरिपिप्राझोलसारखं औषध दिलं तर वजन कमी वाढतं, पण त्याच्या आवाजांना ते आवरेलच असं नाही. बदल करायचा तर डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू.

मधेच खूप तहान, सारखी लघवी, उलट्या किंवा गुंगी दिसली, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी साखर तपासा. दवाखाना लांब पडत असेल आणि गोळ्यांबद्दल काही विचारायचं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.