वाचक विचारतात : बालसाहित्याच्या पानामागे

प्रश्न : भाचीसाठी एका सशाची गोष्ट लिहिली. तिला ती पाठ आहे. प्रकाशकांकडे पाठवली, तर सगळ्यांचं उत्तर एकच : ‘वयोगट नक्की करून पुन्हा लिहा.’ काय करू?

उत्तर : पुन्हा लिहू नका, एवढं मी ठामपणे सांगते. वयोगट हा दुकानातल्या फळीसाठी असतो. गोष्ट ऐकणारं मूल एकच असतं, आणि तुमच्याकडे ते आहे.

मुलांसाठी लिहिताना-चितारताना मला मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका-चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर यांचाच आधार वाटत आला आहे. सप्टेंबर 1893 मध्ये त्या स्कॉटलंडमध्ये होत्या. त्यांच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी पडला होता. त्याला पत्रात काय लिहावं ते सुचेना, म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली, मधेमधे चित्रं काढली. पीटर रॅबिट जन्मला तो असा, एका आजारी पोरासाठी. काही वर्षांनी पुस्तक करायचं मनात आलं, तेव्हा त्यांनी तेच पत्र नोएलकडून उसनं मागून घेतलं. पोरानं ते जपून ठेवलं होतं!

प्रकाशकांनी त्यांनाही परत पाठवलं. पॉटरबाईंना हवं होतं लहान, मुलाच्या हातात मावणारं, स्वस्त पुस्तक, आणि त्यावर त्या अडून बसल्या. शेवटी डिसेंबर 1901 मध्ये पदरचे पैसे घालून 250 प्रती छापल्या. त्या हातोहात संपल्या. मग आधी नकार देणाऱ्यांपैकीच फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ऑक्टोबर 1902 मध्ये रंगीत आवृत्ती काढली. आकार लहानच राहिला.

म्हणून तुमची भाची जिथे ‘परत वाच’ म्हणते, ती पानं तशीच ठेवा. जिथे ती चुळबुळ करते, तिथे कात्री चालवा. तिच्याइतका चांगला संपादक तुम्हाला मिळणार नाही.

प्रश्न : प्राण्यांना कपडे घातले की ते खोटे वाटतात. तुमचं मत?

उत्तर : प्राणी नीट पाहिलेला नसेल तर वाटतात. पॉटरबाईंनी ससे पाळले होते. लहानपणी त्या आणि त्यांचा भाऊ मेलेले प्राणी उकळून सांगाडेही अभ्यासायचे. अळंबीची चित्रं तर त्यांनी इतकी बारकाईनं काढली, की बीजाणू कसे रुजतात यावर शोधनिबंधच लिहिला. 1897 मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत सादर झाला, पण बायकांना तिथे प्रवेश नव्हता, त्यामुळे दुसऱ्यानं मांडला. हे वाचलं की मला अजून राग येतो.

आता पीटरकडे पाहा. निळं जाकीट, पायात बूट, तोवर तो दोन पायांवर चालतो. माळी मागे लागतो, बूट सुटतात, आणि पीटर चार पायांवर धावायला लागतो, तेही जास्त वेगानं. पुढे जाकिटाच्या मोठ्या बटणांपायीच तो जाळ्यात अडकतो. कपडे उतरले की ससा पुन्हा ससा होतो. हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, ती चित्रातच पाहतात.

प्रश्न : एवढं यश मिळूनही पॉटरबाईंनी लिहिणं कमी का केलं?

उत्तर : नजर मंदावली हे एक. दुसरं, त्यांचा जीव शेतीत रमला. 1905 मध्ये त्यांचं लग्न ठरलं होतं ते प्रकाशकांपैकीच नॉर्मन वॉर्न यांच्याशी. महिन्याभरातच ते वारले. त्याच वर्षी बाईंनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातलं हिल टॉप शेत घेतलं. 1913 मध्ये विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केल्यावर त्या हर्डविक या तिथल्या जातीच्या मेंढ्यांमध्ये पुऱ्या बुडाल्या. डिसेंबर 1943 मध्ये त्या गेल्या, तेव्हा 4,000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेल्या. बरीचशी पुस्तकांच्या पैशातून घेतलेली. याला लिहिणं सोडणं म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न : गोष्टीत ससोबाचे वडील मारले जातात. हे काढून टाकू का?

उत्तर : पीटरच्या वडिलांचा तर माळ्याच्या घरी चक्क ‘पाय’ (मांस भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) झाला, तोही दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, आईच्या तोंडून, एका वाक्यात. बाईंनी त्यावर रडारड केली नाही. पोरांना बागेत का जायचं नाही ते कळलं, की गोष्ट पुढे सरकते. तुमचंही एक वाक्य असेल तर राहू द्या. पानभर असेल तर एका वाक्यात आणा.