माथेरानच्या वाफेच्या इंजिनांची रचना

प्रश्न : नेरळ-माथेरान मार्गावरील जुनी वाफेची इंजिने तीन जोड चाकांची असूनही इतकी तीव्र वळणे कशी घेत असत, आणि आज ती कोठे आहेत? (एक वाचक, कर्जत)

उत्तर : १९०७ मध्ये सुरू झालेल्या, दोन फूट रुंदीच्या या मार्गासाठी ब्रिटिश रेल्वे अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी आखलेली चार इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्यात तयार झाली. अवघ्या साठ फूट त्रिज्येची वळणे आणि विसास एक असा चढ, म्हणजे सगळी चाके जोर लावणारी हवीत, आणि वळणावर ती अडकूनही चालणार नाहीत. यावर तोडगा होता क्लीन-लिंडनर आसांचा. पहिल्या व शेवटच्या जोडीत, दांड्यांनी फिरणाऱ्या भरीव आसाभोवती एक पोकळ आस असे. चाके या पोकळ आसावर बसवलेली असत आणि मधल्या गोलाकार सांध्यामुळे ती रुळाच्या वळणाप्रमाणे किंचित तिरपी होत, आतला आस मात्र सरळच राही. साध्या दिसणाऱ्या इंजिनाच्या पोटात दडलेली ही करामत आम्हांला त्याच्या धुराड्याहून अधिक मोहक वाटते.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथील अरुंद रुळांच्या वारसा-रेल्वेत जतन झाले. मात्र प्रदर्शनात उभ्या इंजिनाचा हा पोकळ आस बाहेरून दिसत नाही. त्यासाठी चाकांमध्ये वाकूनच पाहावे लागते.