आईला समुद्र दाखवायचाय, दमणला न्यावं का?

प्रश्न : दिवाळीत शिरपूरहून गाडीनं सुरतेला, उधन्यात धाकट्या भावाकडे जातोय. तिथून एक दिवस दमणला जावं म्हणतो. आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिनं समुद्र कधीच पाहिलेला नाही. शेजारी म्हणतात, दमण म्हणजे दारूचं गाव, बायकापोरांना कशाला नेतो? काय करावं?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, अवश्य न्या. फक्त भरतीची वेळ बघून न्या.

हे मी पोळल्यावर सांगतेय. माझ्या आईला आम्ही भर ओहोटीला जामपोरच्या किनाऱ्यावर उतरवलं. समुद्र पार लांब गेलेला, समोर नुसता ओला गाळ. आई म्हणाली, "समुद्र कोठे शे?" तिचा तो चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाही. खंबायतच्या आखाताकडच्या या किनाऱ्यावर पाणी फार आत-बाहेर होतं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. मोबाइलवर त्या दिवसाची वेळ मिळते. तिच्या तासभर आधी पोहोचा. देवकाचा किनारा खडकाळ आहे, गुडघ्यांना जामपोरच बरा. संध्याकाळी पाणी परत आलं तेव्हा आईनं वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, जिभेला लावली. "माय व! खारं शे!" मग विचारलं, "आपली तापी आठेच येस का?"

तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, दमणच्या पुष्कळ वर. म्हणून निघण्याआधी सुरतेच्या पुलावरून आईला तापी दाखवा. शिरपूरकडचं पाणी इथवर आलंय, हे तिला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

उधन्याहून दमण शंभर-सव्वाशे किलोमीटर. नवसारी, वलसाड करत वापीला महामार्ग सोडायचा. दमणगंगेच्या दोन्ही काठांना गाव आहे : उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण. मोटी दमणचा किल्ला चुकवू नका. पोर्तुगीजांनी हे गाव १५५९ मध्ये घेतलं आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत सोडलं नाही. किल्ला ओसाड नाही. तटाच्या आत कचेऱ्या आहेत, रस्ते आहेत, त्यामुळे आईला फार चालावं लागत नाही. आत १६०३ सालचं बॉम जेझूस चर्च आहे. त्याचं लाकडी कोरीवकाम मुलांना जवळ नेऊन दाखवा.

दारूचं म्हणाल, तर दुकानं आहेत, खरं आहे. पण किल्ल्यात आणि किनाऱ्यावर सकाळच्या वेळी कुटुंबंच दिसतात. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा : परतीचा रस्ता गुजरातेतून आहे, तिथे दारूबंदी आहे. कुणी "एखादी घेऊन ये" म्हटलं तरी गाडीत बाटली ठेवू नका. हद्दीवर तपासणी होते, आणि आईसमोर तो प्रसंग नको.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून घ्या. आईचं एक जादा लुगडंही. ती पाण्यात जाणारच.