चेसिस वडिलांच्या नावावर, इंजिन भंगारातले

प्रश्न : मी औसा तालुक्यातील शेतकरी आहे. आमच्याकडे १९९६ साली लातूरला नोंदलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर असलेल्या एका गुत्तेदाराकडून वडिलांनी ती घेतली आणि रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतली. वडील २०१५ मध्ये वारले आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहून गंजली. सोयाबीनच्या पट्टीतून उरेल तसे पैसे घालून मी ती हळूहळू दुरुस्त करतो आहे. इंजिन जाम होते, म्हणून लातूरच्या एका मिस्त्रीने भंगारातून दुसरे आणून बसवले. त्याची पावती नाही. जुने इंजिन त्याच्याच गॅरेजात पडून आहे. तो म्हणतो, जुना नंबर नव्या इंजिनावर पंच करून देतो. मजुरीची बाकी आणि दिवसाला शंभर रुपये भाडे दिल्याशिवाय गाडी सोडायला मात्र तयार नाही. पुण्याचा थोरला भाऊ म्हणतो, गाडी सामाईक आहे, भंगारात घालून वाटणी करू. मला ती फक्त शेतात आणि पाणंदीने वापरायची आहे. तेवढ्यासाठी एवढे कागद लागतातच का?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची सगळी ढिलाई त्या समजुतीतून आलेली दिसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ मध्ये नोंदणीवाचून वाहन चालवण्यास मनाई करताना कायद्याने ‘सार्वजनिक ठिकाणी’ एवढेच म्हटलेले नाही. ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असेही म्हटले आहे. म्हणजे स्वतःच्या रानात चालवतो, हे उत्तर नोंदणीच्या बाबतीत चालत नाही. विम्याचे कलम १४६ मात्र सार्वजनिक ठिकाणापुरते आहे. पण ज्या रस्त्यावर लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे तो कच्चा असला तरी सार्वजनिकच ठरतो, आणि पाणंद किंवा शिवरस्ता हा तसाच असतो. त्यात आपली गाडी मालवाहू आहे. मालवाहू वाहनाजवळ चालू फिटनेस प्रमाणपत्र नसेल, तर कलम ५६ प्रमाणे ते कलम ३९ साठी वैध नोंदणी असलेले मानले जात नाही. आरसी बुक जपून ठेवलेले असले तरी आजच्या घडीला आपली पिकअप कायद्याच्या लेखी विनानोंदणीचीच आहे. कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. मला दंडापेक्षा धास्ती वाटते ती पाणंदीत कोणी चाकाखाली आले तर काय, याची. विमा नसताना मोटार अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई गाडी ताब्यात ठेवून वापरणाऱ्याच्या खिशातून जाते, आणि शेतकऱ्याचा खिसा म्हणजे शेवटी जमीनच.

मालकीबाबत आपल्या भावाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे त्यांची जंगम मालमत्ताही पहिल्या वर्गाच्या वारसांकडे सारख्या हिश्श्याने जाते. आपली आई, आपण, थोरले बंधू आणि बहीण असल्यास तीही त्यात आली. तिचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही. आपण इतकी वर्षे खर्च केला, म्हणून गाडी आपली झाली असे होत नाही. मात्र भावालाही एकट्याने ती भंगारात घालता येणार नाही. शिवाय वाटणी करायचीच झाली, तर ती कशाची करायची? वडील गेले तेव्हा गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गंजक्या गाडीची जी किंमत होती ती सगळ्यांची. तिच्यावर घातलेल्या खर्चाचा हिशेब आपण मागू शकता, आणि त्यासाठी पत्रा, वेल्डिंग, बेअरिंग, सीलकिट यांच्या मिळतील तेवढ्या पावत्या आजच एका वहीत चिकटवून ठेवा. माझे मत असे की हा वाद कोर्टात नेण्याच्या लायकीचा नाही. भंगाराच्या दराने गाडीची किंमत काढून भावाला त्याचा हिस्सा रोख देऊ करा आणि त्याच बैठकीत आई, भाऊ व बहीण यांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे करून घ्या. मालक वारल्यावर नाव लावण्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये असतो. त्याला मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचे कागद आणि ही प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. हा अर्ज मृत्यूनंतर लगेच व्हायला हवा होता, त्यामुळे उशिराचे शुल्क लागेल. पण उशीर झाला म्हणून आपला हक्क बुडत नाही.

आता इंजिन. आपल्या पत्रातला खरा धोका इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

गंज खरवडणे, चेसिसला पाटा मारणे, केबिनचा कुजलेला तळ बदलणे, ट्रान्सफर केसची बेअरिंगे आणि पुढच्या शाफ्टचे क्रॉस नवे घालणे ही सर्व दुरुस्ती झाली. गाडी कंपनीने जशी बनवली तशीच परत उभी राहत असेल, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. इंजिन बदलणे मात्र गाडीतल्या फेरफारांबाबतच्या कलम ५२ मध्ये येते, कारण इंजिनाचा नंबर आरसीवर लिहिलेला असतो. हा नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, सपाट केलेल्या जागी ठोकलेला असतो. हेड, पंप किंवा मॅनिफोल्ड बदलले तरी त्याला धक्का लागत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असेल, तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवता येतो. दुसऱ्या मॉडेलचे, जास्त ताकदीचे किंवा वेगळ्या कंपनीचे इंजिन घातले असेल, तर तो मार्ग बंद आहे असेच समजून चाला. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांना छेद देणारे बदल कलम ५२ खाली करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवलेली आहे.

आपले इंजिन त्याच प्रकारचे निघाले, तरी दुसरी अडचण उरतेच. ते कोणत्या गाडीतून निघाले? आरटीओ त्याचे बिल मागेल आणि ज्या गाडीतून ते काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागेल. ती गाडी चोरीची असेल, तर प्रश्न आरटीओपुरता राहत नाही. चोरीचा माल जाणून किंवा तसे मानण्यास कारण असताना जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती नाही, विकणारा माहीत नाही आणि दर बाजारापेक्षा स्वस्त, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की ‘मला माहीत नव्हते’ हे पोलिसांना पटवणे जड जाते. म्हणून मिस्त्रीला भंगारवाल्याकडे पाठवा आणि इंजिनाच्या नंबरासह बिल आणायला लावा. त्याने टाळाटाळ केली, तर ते इंजिन आपल्या गाडीत राहू देऊ नका.

जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देण्याची जी तयारी मिस्त्रीने दाखवली आहे, तिला स्पष्ट शब्दांत आणि शक्य तर लेखी नकार द्या. आज जे प्रकरण परवानगी न घेण्याचे आहे ते त्या एका हातोडीने फसवणूक आणि बनावटीकरणाचे होईल, आणि आरोपी म्हणून नाव मालकाचे लागेल. ‘सगळेच करतात’ हे वाक्य मी या धंद्यात फार वेळा ऐकले आहे. ते बहुधा जामिनाचा अर्ज लिहितानाच कानी पडते.

खरे तर आपल्याजवळ याहून सरळ वाट आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन जाम होते ते पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या बोअरला धरल्यामुळे. ब्लॉकला तडा नसेल, तर बोअर करून, लायनर घालून आणि क्रँक ग्राइंड करून तोच ब्लॉक पुन्हा उभा करता येतो का, हे एखाद्या दुसऱ्या चांगल्या इंजिन मिस्त्रीकडून पाहून घ्या. खर्च भंगारातल्या इंजिनापेक्षा जास्त येईल, पण आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर एकच राहील आणि कलम ५२ चा प्रश्नच संपेल. तेव्हा आजच्या घडीला आपली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला तो जुना ब्लॉक आहे, आणि तो किलोच्या भावाने विकला जाण्याआधी हाती आला पाहिजे.

जाता जाता चेसिस नंबराबद्दलही सांगतो. तो चेसिसच्या दांड्यावर ठोकलेला असतो आणि गंजाने त्याचे अंक आधीच झिजलेले असतात. तिथे ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग लागले, की नंबर कायमचा गेला. ती जागा फक्त हाताने, तारेच्या ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलीने ट्रेस घ्या, तारखेसह फोटो काढा आणि मगच आजूबाजूला प्रायमर मारा. अंक वाचता येत नसतील, तर ते स्वतः कोरू नका. आरटीओकडे अर्ज करून त्यांच्या परवानगीनेच ते पुन्हा ठोकून घ्या.

कागदांची सुरुवात मात्र लातूरच्या आरटीओ कार्यालयातून गाडीचा नोंदणी तपशील काढून करा. १९९६ ची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असेल. ती आरटीओच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर चढलेली नसेल, तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद तिथे चढवणे, करून घ्यावी लागते, त्याशिवाय कोणताही ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. याच वेळी नोंदणी रद्द झालेली नाही ना, आणि वडिलांच्या किंवा गुत्तेदाराच्या काळातला कर्जाचा बोजा उरलेला नाही ना, हेही पाहा. गाडी वापरात नसल्याची आगाऊ सूचना कार्यालयाला दिलेली नसेल, तर उभ्या गाडीवरही कराची मागणी निघू शकते आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनावर महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. जुन्या गाड्यांच्या फिटनेसचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढलेले असल्याने, पुढचा खर्च करण्याआधी हे सर्व आकडे खिडकीवरून लेखी घ्या. आरसीवरील एकूण भारित वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नसेल, तर कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागणार नाही, एवढा एक खर्च वाचेल. पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद झाल्या, असे जे गावात बोलले जाते ते सरकारी वाहनांपुरते आणि दिल्ली परिसरापुरते आहे. आपल्याकडे खासगी मालकाची जुनी गाडी फिटनेस पास झाली तर चालते. उच्च सुरक्षा नंबरप्लेट मात्र लावावी लागेल.

राहिला गॅरेजचा तिढा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च केले आहे, त्याला त्याची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. म्हणजे मिस्त्री मजुरीसाठी गाडी अडवतो आहे ते कायदेशीर आहे. दिवसाच्या शंभर रुपयांची गोष्ट वेगळी. तसे आधी ठरलेले नसेल, तर स्वतःच्या येणे रकमेसाठी गाडी अडवून ठेवायची आणि वर अडवून ठेवण्याचे भाडे घ्यायचे, याला या कलमात आधार नाही. त्याच्या ताब्यात असताना गाडीची व सुट्या भागांची वाजवी काळजी घेणे हेही कलम १५१ प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यात तो जुना ब्लॉक येतो.

एक गोष्ट मात्र करू नका. दुसरी किल्ली घेऊन रात्री गाडी ओढून आणण्याचा सल्ला कोणीतरी दिलाच असेल. न्याय संहितेत चोरीची व्याख्या समजावताना घड्याळाचे उदाहरण दिलेले आहे. दुरुस्तीचे पैसे देणे असताना दुरुस्त करणाऱ्याने तारण म्हणून ठेवलेले आपलेच घड्याळ, ते तारण बुडवण्याच्या हेतूने उचलून नेणारा मालक चोरी करतो, असे तिथे म्हटले आहे. घड्याळाच्या जागी पिकअप ठेवून पाहा.

त्याऐवजी या आठवड्यातच स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा. कामाचे तपशीलवार बिल मागा, भाडे मान्य नसल्याचे लिहा आणि जुना ब्लॉक त्याच्या नंबरासह नमूद करून तो विकू नये, असे बजावा. बिल आल्यावर वाजवी मजुरी चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि वादातल्या रकमेबाबत हक्क राखून ठेवल्याचे लिहून द्या. तेवढ्यावर त्याने गाडी सोडली नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि स्वतःच्या शेतीसाठी वापरायची मालवाहू गाडी आहे एवढ्यावरून आपण ग्राहक नाही असे ठरत नाही. गाडी ताब्यात घेताना जी पावती कराल, तिच्यात चेसिस नंबर, आत बसवलेल्या इंजिनाचा नंबर आणि सुट्या ब्लॉकचा नंबर असे तिन्ही नंबर लिहून मिस्त्रीची सही घ्या, आणि ब्लॉक त्याच फेरीत घरी आणा.