मानेचा एक्स-रे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : नारळाच्या झाडावरून पडलेला ४५ वर्षांचा माणूस ग्रामीण रुग्णालयात आला. बाजूने काढलेल्या एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही, पण मान दुखतेच आहे. मानेला आधाराची घातलेली कॉलर काढू का?
– वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नका काढू. आधी फिल्मवरचे मणके मोजा. मानेचे सातही मणके आणि छातीच्या पहिल्या मणक्याचा वरचा काठ दिसला, तरच ती फिल्म वाचण्याजोगी. रुंद खांद्यांच्या माणसात सी ७ (मानेचा सातवा मणका; सी १ सर्वांत वरचा) बहुधा खांद्यांच्या सावलीत जातो, आणि निसटलेला मणका नेमका तिथेच लपतो. हातांना इजा नसेल तर कोणीतरी दोन्ही हात पायांच्या दिशेने सावकाश खाली ओढून धरावेत आणि फिल्म पुन्हा घ्यावी. तरीही नाही दिसला तर स्विमर्स व्ह्यू (एक हात पोहताना नेतात तसा डोक्यावर नेऊन बाजूने काढलेली फिल्म), नाहीतर थेट सीटी स्कॅन.

मग पेन्सिलीने रेषा फिरवा : मणक्यांच्या पुढच्या कडांवरून, मागच्या कडांवरून, आणि मज्जारज्जूच्या पोकळीच्या मागच्या भिंतीवरून. मान आखडल्याने बाक सरळ झालेला चालतो, मणका पुढे सरकल्याने रेषेत पडलेली पायरी चालत नाही. मणक्याच्या पाव रुंदीएवढी पायरी असेल तर एका बाजूचा सांधा निसटलेला असू शकतो; अर्ध्याएवढी असेल तर बहुधा दोन्ही. एकाच ठिकाणी शेजारच्या मणक्यांची मागची दोन टोके एकमेकांपासून फाकलेली दिसली, तर हाडे शाबूत असूनही मागचे अस्थिबंध (हाडे जोडणारे पट्टे) तुटलेले असू शकतात. घाईत सुटते ते हेच.

मणक्यांपुढची मऊ सावली सी ३ समोर ७ मिमी आणि सी ६ समोर २२ मिमीपेक्षा जाड असेल, तर आत रक्त साचल्याचा संशय घ्या. सावली बारीक आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्याचा दंत (त्यातून वर निघालेला हाडाचा सुळका) यांत मोठ्या माणसात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको.

तोंड उघडून काढलेल्या फिल्ममध्ये दंतावर उभी काळी रेघ दिसली तर ती हाडाबाहेर जाते का बघा. जात असेल, तर ती पुढच्या दातांमधली फट आहे.

तुमच्या रुग्णाला कॉलरसह सीटीसाठी पाठवा. मान वाकवून फिल्म काढू नका. चिठ्ठीत ‘एक्स-रे नॉर्मल’ असे लिहू नका, ‘सी ६ पर्यंत दिसते, खाली दिसत नाही’ असे जे असेल ते लिहा. ‘नॉर्मल’ वाचून पुढचा डॉक्टर कॉलर सोडतो.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीच्या फिल्ममध्ये सी २ किंचित पुढे सरकलेला वाटतो. इजा समजावी का?

उत्तर : या वयात अस्थिबंध सैल असल्याने असे दिसू शकते. सी १ आणि सी ३ च्या मागच्या कमानींच्या पुढच्या कडा रेषेने जोडा. सी २ ची कमान त्या रेषेपासून २ मिमीपेक्षा जास्त मागे असेल, तर इजा धरूनच चाला.