एफटीएल गेममध्ये पॉवर कायम अपुरी पडते. स्क्रॅप (गेममधलं चलन) आधी रिअ‍ॅक्टरमध्ये घालावं का?

नाही. 'एफटीएल: फास्टर दॅन लाइट' या अवकाशयानाच्या गेममध्ये रिअ‍ॅक्टरचा बार, म्हणजे पॉवरचं एक एकक, सगळ्यात शेवटी घ्यायचा. तुम्ही लिहिलंय की केस्ट्रेल हे यान घेऊन तिसऱ्या सेक्टरपर्यंत पोचता आणि तिथे पॉवर पुरेनाशी होते. या गेममध्ये ती कुणालाच पुरत नाही. तिथून पुढे जाणारे खेळाडू पॉवर फिरवत राहतात, एवढाच फरक.

आधी हिशेब बघा. केस्ट्रेलच्या पहिल्या प्रकाराचा रिअ‍ॅक्टर सुरुवातीला ८ बारचा असतो. शील्ड २, इंजिन २, शस्त्रं ३, ऑक्सिजन १, इथेच ८ संपले. मेडबेला (जखमींवर उपचारांची खोली) १ लागतो, तो धरला की ९. म्हणजे पहिल्या मिनिटापासून एक बार कमी आहे आणि बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम कमी ठेवलाय. पायलटिंग, सेन्सर आणि दरवाजे यांना रिअ‍ॅक्टरची पॉवर लागत नाही, त्यांना यात मोजू नका.

मेडबे चालू ठेवायची सवय पहिली मोडा. कुणी जखमी होऊन आत उभं असेल तेवढाच वेळ तिला बार द्यायचा.

दुसरा राखीव साठा म्हणजे ऑक्सिजन. त्याचा बार काढला म्हणून लगेच कुणी गुदमरत नाही. खोलीतली हवा ५ टक्क्यांच्या खाली गेल्यावरच माणसांना इजा व्हायला लागते आणि तिथवर यायला बराच वेळ जातो. छोटी लढाई तेवढ्यात संपते. आकडा ५० च्या आसपास आला की बार परत द्या. फक्त कुठे भगदाड पडलेलं असेल किंवा एअरलॉक उघडं असेल तर हा डाव खेळू नका, तिथे हवा झपाट्याने जाते.

आता खरा मुद्दा: समोरच्याकडे काय आहे ते बघून पॉवर वाटायची. लढाई सुरू झाली की पहिलं काम स्पेसबार दाबून पॉज करणं आणि शत्रूची शस्त्रं वाचणं. त्याच्याकडे फक्त मिसाईल किंवा बॉम्ब असतील तर तुमचं शील्ड शोभेपुरतं आहे, दोन्ही त्यातून आरपार जातात. अशा वेळी शील्डचे दोन्ही बार काढा आणि इंजिनाची पातळी वाढवलेली असेल तर तिकडे द्या. इंजिनाचा प्रत्येक बार पाचव्यापर्यंत चुकवण्याची शक्यता ५ टक्क्यांनी वाढवतो. पायलटच्या जागेवर आणि इंजिनात माणूस बसलेला असला की प्रत्येकी ५ ते १० टक्के आणखी मिळतात.

शत्रूकडे फक्त बीम, म्हणजे सलग किरणाचं शस्त्र, असेल तर नेमकं उलट करायचं. बीम कधीच चुकत नाही, त्यामुळे इंजिनात ठेवलेली पॉवर वाया जाते. पण शील्डचा प्रत्येक थर बीमचा एकेक घाव कमी करतो. तेव्हा शील्ड पूर्ण भरलेलं ठेवा आणि इंजिनाचे बार शस्त्रांना द्या. मात्र इंजिन शून्यावर असताना पुढच्या ठिकाणी उडी मारण्यासाठीचं चार्जिंगही थांबतं. पळून जायचा विचार मनात असेल तर तिथे एक बार तरी राहू द्या.

शील्डच्या एका थराला २ बार लागतात. तिसरा बार एकटा काही करत नाही. यातूनच एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: दोनपैकी एक बार गोळीने निकामी झाला तर उरलेल्या एकाने थर उभा राहत नाही. दुरुस्ती होईपर्यंत तो बार इंजिनाला किंवा ऑक्सिजनला देऊन टाका.

शस्त्रांची पॉवर मात्र शक्य तोवर हलवू नका. बार काढला की भरत आलेलं शस्त्र भराभर रिकामं होतं. केस्ट्रेलवरच्या 'बर्स्ट लेझर २' या शस्त्राला भरायला १२ सेकंद लागतात. दहाव्या सेकंदाला त्याचे बार काढून मेडबेला दिले तर तीन गोळ्यांची फैर गेली म्हणून समजा. शस्त्रांचा क्रमही नीट लावा. शस्त्रकक्षाला मार बसला की सगळ्यात उजवीकडचं शस्त्र आधी बंद पडतं. म्हणून बर्स्ट लेझर डावीकडे आणि आर्टेमिस हा मिसाईल लाँचर उजवीकडे.

स्क्रॅप कुठे घालायचं याचं उत्तर यातच आहे. प्रणालीची पातळी वाढवली आणि तिला पॉवर दिली नाही, तरी पैसे वाया जात नाहीत. शस्त्रकक्ष ५ पातळीचा असेल आणि वापरात ३ असतील, तर पहिले दोन घाव रिकाम्या पातळ्या झेलतात, शस्त्रं चालूच राहतात. शिवाय गरजेप्रमाणे पॉवर ओतायला जागा तयार होते. रिअ‍ॅक्टरचा नुसता जास्तीचा बार यातलं काहीच देत नाही.

रिअ‍ॅक्टर कधी घ्यायचा? शील्डचा दुसरा थर घेताना. त्या दोन पातळ्यांना २० आणि ३० असे ५० स्क्रॅप लागतात आणि नववा-दहावा बार प्रत्येकी २० ला पडतो. एकूण ९० होतात. हा खर्च मी डोळे झाकून करायला सांगेन, कारण शील्डचे ते चार बार जवळपास प्रत्येक लढाईत लागतात. त्यानंतर मात्र नवीन काही घेतल्यावर ते चालवायला दुसरीकडून बार काढताच येत नसेल, तेव्हाच एकेक बार घ्या. पुढे ते महाग होत जातात आणि २५ च्या वर रिअ‍ॅक्टर जात नाही.

झोल्टन या परग्रही जमातीचा खलाशी मिळाला तर नाही म्हणू नका. तो ज्या प्रणालीच्या खोलीत उभा राहतो तिला एक बार स्वतःच देतो. तेवढा एक बार इंजिनात किंवा शील्डमध्ये कायमचा मिळाला. २०१४ च्या अ‍ॅडव्हान्स्ड एडिशनमधली बॅकअप बॅटरी ३५ स्क्रॅपमध्ये २ बार देते, पण ३० सेकंदच. पहिल्या फैरीच्या वेळी ती उत्तम. संपायच्या आत पॉज करून कुठले बार काढायचे ते स्वतः ठरवा, नाहीतर नको ती प्रणाली बंद पडेल.

आयन वादळात रिअ‍ॅक्टर निम्म्यावर येतो, ८ चे ४ होतात. झोल्टन आणि बॅटरीची पॉवर तेवढी शाबूत राहते. अशा वेळी शील्डला २ आणि बर्स्ट लेझरला २ द्या, इंजिन आणि ऑक्सिजन बंद. पहिल्या फैरी शत्रूच्या शस्त्रकक्षावर टाका. त्याची शस्त्रं थंडावली की शील्डचे दोन्ही बार काढून एक ऑक्सिजनला आणि एक इंजिनाला द्या. हवा भरत राहते आणि लेझर चालू राहतो.

लढाई संपल्यावर शस्त्रांचा एक बार मेडबेत घालून सगळ्यांना पूर्ण बरं करा. पण उडी मारण्याआधी पुन्हा पॉज करा आणि तो बार परत शस्त्रांना दिलाय ना, ते बघा. तो मेडबेतच राहिला तर पुढच्या बीकनवर (थांब्यावर) आर्टेमिस बंद असतो आणि हे लक्षात येईपर्यंत शत्रूची पहिली फैर निघालेली असते.